घरचा आयपी काळ्या यादीत का जातो, आणि रिमोट डेस्कटॉप चालू ठेवून तो स्वच्छ कसा ठेवायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरच्या विंडोज संगणकावर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने (दूरच्या यंत्राचा पडदा आपल्यासमोर आणून) काम चालतं, आणि काही दिवसांनी घरच्या जोडणीचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा ओळख-क्रमांक) काळ्या यादीत जातो. मेल परत येतात, संकेतस्थळं पानोपानी कॅप्चा मागतात, एखादी सेवा आतच घेत नाही. राउटर बंद-चालू करून नवा पत्ता मिळवला की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

पत्ता पुन्हा पुन्हा यादीत जात असेल तर दोष पत्त्याचा नाही, त्या पत्त्यामागे बसलेल्या कुठल्यातरी यंत्राचा आहे. बाहेरून तुमच्यावर किती हल्ले होतात याच्याशी याद्यांना देणंघेणं नसतं; तुमच्याकडून बाहेर काय जातं, यावर नोंद होते. म्हणून नुसता पत्ता बदलणं, पोर्टचा (यंत्रातल्या एकेका सेवेच्या दाराचा) क्रमांक बदलणं किंवा 'नाव काढा' असे अर्ज करत राहणं, यातलं काहीच टिकत नाही.

आधी यादी कोणती ते पाहा

'ब्लॅकलिस्ट झालो' या एका वाक्यात निदान तीन वेगळी दुखणी असतात. मेलच्या याद्या ही एक. हल्ल्यांच्या तक्रारी गोळा करणाऱ्या एब्यूजआयपीडीबीसारख्या नोंदी ही दुसरी. संकेतस्थळं वापरतात त्या जोखीम-गुणांकाच्या सेवा आणि त्यांच्या स्वतःच्या अंतर्गत बंदी ही तिसरी. तिन्हींची कारणं आणि उपाय वेगळे आहेत.

मेलच्या याद्या डीएनएसवर, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर, चालतात. पत्त्याचे चारही आकडे उलट्या क्रमाने लिहायचे, पुढे यादीचं नाव जोडायचं आणि विचारणा करायची. पत्ता २०३.०.११३.२५ असेल तर २५.११३.०.२०३ आणि त्यापुढे यादीचं नाव. उत्तर आलंच नाही तर पत्ता यादीत नाही. उत्तर १२७.०.० ने सुरू झालं तर शेवटचा आकडा कारण सांगतो. स्पॅमहाउस ही अशा याद्या ठेवणारी संस्था; तिच्या झेन या एकत्रित यादीत २ म्हणजे एसबीएल (माहीत असलेले स्पॅमचे उगम), ३ म्हणजे सीएसएस (स्पॅम पाठवताना आपोआप टिपलेले पत्ते), ४ ते ७ म्हणजे एक्सबीएल (संसर्ग झालेली यंत्रं), आणि १० किंवा ११ म्हणजे पीबीएल (तिच्याबद्दल खाली).

इथे एक सापळा आहे. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत स्पॅमहाउसला विचारलं तर १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर येतं. त्याचा अर्थ 'तुमची विचारणा आम्ही या वाटेने घेत नाही' एवढाच. काही तपासणी साधनं मात्र कुठलंही उत्तर आलं की लाल खूण दाखवतात, आणि माणूस नसलेल्या आजारावर उपचार सुरू करतो. स्पॅमहाउसच्या स्वतःच्या तपासणी पानावर पत्ता टाकून खात्री करा.

दुसरी गल्लत पीबीएलची. ही यादी गुन्हेगारांची नाही. 'या पत्त्यावरून थेट मेल सर्व्हरला मेल जायला नको' एवढंच ती सांगते, आणि घरगुती जोडण्यांचे पट्टेच्या पट्टे तीत मुद्दाम टाकलेले असतात; अनेकदा खुद्द इंटरनेट कंपनीनेच. घरचा पत्ता पीबीएलमध्ये असणं नेहमीचंच आहे, त्याला हात लावू नका. घरच्या यंत्रावरून मेल पाठवायची असेल तर मेल सेवेच्या सर्व्हरमार्फत, लॉगिन करून, ५८७ किंवा ४६५ पोर्टने पाठवा. तसं पाठवल्यावर पीबीएल आड येत नाही. तरीही मेल अडत असेल तर बहुधा एखादा प्रोग्रॅम, स्कॅनर किंवा कॅमेरा थेट २५ पोर्टने पाठवायला बघतो आहे.

एक्सबीएल मात्र गंभीरपणे घ्या. या यादीत येण्यासाठी एकही स्पॅम जावा लागत नाही. सुरक्षा संशोधक बॉटनेटची (संसर्ग झालेल्या यंत्रांच्या जाळ्याची) नियंत्रक डोमेनं ताब्यात घेऊन तिथे स्वतःचे सर्व्हर बसवतात. तुमच्या घरातलं यंत्र आपल्या 'मालकाला' शोधत तिथे जाऊन थडकलं की नोंद होते. तपासणी पानावर नोंदीचा काळ आणि बऱ्याचदा रहदारीचा प्रकार दिलेला असतो. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते. ती स्थानिक वेळेत बदलून घेतल्याशिवाय 'त्या वेळी घरात काय चालू होतं' हे शोधायला बसू नका. सगळा तपास चुकीच्या तासावर जातो.

दार: रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका

राउटरवर ३३८९ चं पोर्ट फॉरवर्डिंग करून (बाहेरून आलेली जोडणी थेट संगणकाकडे सोडून) रिमोट डेस्कटॉप चालवणं हे अनेक प्रकरणांचं मूळ असतं. क्रमांक बदलून ४५००० केला तरी लॉगमधला गोंगाट कमी होतो, धोका तेवढाच राहतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन मांडलं तेव्हाच एका गिगाबिट जोडणीवरून संपूर्ण आयपीव्ही४ पट (नेहमीचे चार आकड्यांचे सगळे पत्ते) एका पोर्टसाठी ४५ मिनिटांच्या आत चाळून होत होता. आणि रिमोट डेस्कटॉपची सुरुवातीची देवाणघेवाण इतकी ठरावीक असते की कुठल्याही क्रमांकावर ती ओळखू येते.

पासवर्ड सापडला की पुढे काय होतं? आत शिरलेला माणूस तुमच्या फायली बघेलच असं नाही. त्याला हवा असतो तो तुमचा घरगुती पत्ता. त्या यंत्रावरून मेल जाते, चोरलेल्या कार्डांची खरेदी होते, इतरांच्या ३३८९ आणि २२ पोर्टवर पासवर्ड ठोकून पाहिले जातात. अशा प्रवेशांचा बाजारच चालतो. एक्सडेडिक नावाचा मोठा बाजार जानेवारी २०१९ मध्ये तपास यंत्रणांनी बंद पाडला. पत्ता यादीत येतो तो या शेवटच्या टप्प्यावर, म्हणून मूळ घुसखोरी आणि नोंद यांत बराच काळ गेलेला असू शकतो.

पासवर्ड अभेद्य असला तरी एक वाट उरते. रिमोट डेस्कटॉप टीसीपीबरोबर यूडीपी (आधी जोडणी न बांधता पॅकेट पाठवण्याची पद्धत) ३३८९ सुद्धा वापरतो. खोटा प्रेषक पत्ता लावून तिथे छोटं पॅकेट टाकलं की तुमचं यंत्र त्याहून खूप मोठं उत्तर तिसऱ्याच माणसाकडे फेकतं. नेटस्काउट या सुरक्षा कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये हे प्रमाण ८५.९ पट असल्याचं सांगितलं. लॉगिन कोणीच केलेलं नसतं, तरी ज्याच्यावर मारा झाला त्याच्या लॉगमध्ये पत्ता तुमचा दिसतो.

म्हणून फॉरवर्डिंग काढा आणि मध्ये व्हीपीएन (घरापर्यंतचा बंद, सांकेतिक बोगदा) ठेवा. वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोग्रॅम त्यासाठी उत्तम. ओळख न पटलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाळणी करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. राउटरवर वायरगार्डची सोय असेल तर तिथेच बसवा. नसेल तर घरात कायम चालू राहणाऱ्या एखाद्या छोट्या यंत्रावर. यूडीपी ५१८२० हा नेहमीचा पोर्ट, तेवढा एकच उघडा. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र किल्ली द्या, म्हणजे लॅपटॉप हरवला तर तेवढीच नोंद काढून टाकता येते. बाहेरच्या लॅपटॉपवर कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा इशारा) २५ सेकंद ठेवा.

यात दोन ठिकाणी लोक अडतात. पहिलं, रिमोट डेस्कटॉप जोडला जातो पण पडदा काळाच राहतो. हे बहुधा एमटीयूचं, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचं, दुखणं. वायरगार्ड १४२० बाइट धरून चालतं, पण पीपीपीओई जोडणीत (जिथे राउटरमध्ये कंपनीचं लॉगिन भरावं लागतं) मुळात १४९२ च मिळतात, त्यातून वायरगार्डचे ८० वजा जाऊन १४१२ उरतात. दोन्ही टोकांना १४१२ किंवा सावधपणे १३८० ठेवून पाहा. दुसरं, घरचा पत्ता बदलला की बोगदा मुका होतो. डायनॅमिक डीएनएसचं नाव (बदलत्या पत्त्यामागोमाग बदलणारं) दिलेलं असलं तरी वायरगार्ड ते सुरू होतानाच एकदा सोडवतं, नंतर विचारत नाही. बोगदा बंद करून पुन्हा चालू केला की काम होतं.

मग विंडोज फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचे नियम उघडा. टीसीपीचा आणि यूडीपीचा नियम वेगळा असतो. दोन्हींच्या स्कोपमध्ये दूरचा पत्ता म्हणून फक्त व्हीपीएनचा पट्टा द्या, उदाहरणार्थ १०.८.०.०/२४ (म्हणजे १०.८.०.० ते १०.८.०.२५५). वायरगार्ड दुसऱ्या यंत्रावर असेल आणि तिथे पत्त्यांची अदलाबदल होत असेल, तर त्या यंत्राचा घरातला पत्ता द्यावा लागेल. राउटरमधलं यूपीएनपी (ॲपना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर काढलेली वाट एखादं ॲप परस्पर पुन्हा उघडतं. आणि आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, लांब पद्धत) विसरू नका. तिथे फॉरवर्डिंगची भानगडच नसते; राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल सैल असेल तर यंत्र थेट बाहेरून दिसतं. मोबाइलच्या इंटरनेटवरून दोन्ही पत्त्यांवर ३३८९ तपासून पाहा.

रिमोट डेस्कटॉपमधलं एनएलए (नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन) चालू ठेवाच, पण त्याच्याकडून भलती अपेक्षा नको. ओळख पटेपर्यंत सत्र उघडू न देणं हे त्याचं काम. पासवर्डचे अंदाज ते थांबवत नाही. ते काम खातं कुलूपबंद करण्याच्या धोरणाचं. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून १० चुकीच्या प्रयत्नांनंतर १० मिनिटं कुलूप हा मूळ ठरलेला नियम आहे. जुन्या यंत्रावर तो हाताने लावा. पोर्ट जगाला उघडा ठेवून हे धोरण लावलं तर हल्लेखोराचे प्रयत्न तुम्हालाच दिवसभर बाहेर ठेवतात, म्हणून आधी दार, मग कुलूप. रिमोट वापरासाठी साधं, प्रशासक नसलेलं खातं ठेवा. यंत्रावर अजून विंडोज १० असेल तर १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नियमित आधार संपला आहे, हेही हिशेबात धरा.

बाहेर जाणारी रहदारी

विंडोज फायरवॉल मूळ ठरलेल्या रचनेत बाहेर जाणारं जवळजवळ काहीच अडवत नाही, घरगुती राउटरही नाही. राउटरवर संपूर्ण घरासाठी बाहेर जाणारे टीसीपी २५, २३, २३२३ आणि ४४५ बंद करा. घरून दुसरीकडे रिमोट डेस्कटॉपने जात नसाल तर बाहेरचं ३३८९ सुद्धा. यामुळे घरगुती वापरात काही बिघडत नाही, आणि २५ बंद झाला की थेट स्पॅममुळे होणाऱ्या नोंदींचं कारणच संपतं. राउटरमध्ये अडवलेल्या पॅकेटांची नोंद ठेवता येत असेल तर ती नक्की चालू करा: आतल्या कोणत्या पत्त्याने २५ वर धडक मारली हे तिथे दिसतं, आणि निम्मा तपास तिथेच संपतो.

संगणकावरच पाहायचं तर टीसीपीव्ह्यू (चालू जोडण्या दाखवणारं साधन) उघडा. एकच प्रोग्रॅम शेकडो अनोळखी पत्त्यांच्या २२, २५ किंवा ३३८९ वर जातोय का? कोणी काही करत नसताना अपलोड सतत चालू आहे का? इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन, ४६२४ म्हणजे जमलेलं. फसलेली रिमोट लॉगिनं शोधताना लोक लॉगिनचा प्रकार १० (रिमोट) शोधतात आणि काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होतात. एनएलए चालू असताना ती प्रकार ३ (नेटवर्क) म्हणून नोंदली जातात. जमलेल्या लॉगिनांमध्ये अनोळखी पत्ता दिसला तर साफसफाईच्या नादी लागू नका. यंत्र नेटवर्कपासून तोडा, फायली बाजूला काढा, विंडोज नव्याने बसवा, सगळे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदला. या लॉगचा आकार मुळात २० एमबी असतो आणि अंदाजांच्या माऱ्यात तो लवकर भरून जुन्या नोंदी पुसल्या जातात. २०० एमबी करून ठेवा.

बँडविड्थ विकणारे पाहुणे

घरगुती पत्त्यांना बाजारात भाव आहे, कारण संकेतस्थळं त्यांच्यावर विश्वास ठेवतात. म्हणून फुकट व्हीपीएन, काही ब्राउझर एक्स्टेंशन, चोरीचे प्रोग्रॅम आणि 'न वापरलेलं इंटरनेट विकून पैसे मिळवा' म्हणणारी ॲप तुमच्या जोडणीवरून परक्यांची रहदारी बाहेर सोडतात. मे २०२४ मध्ये मोडून काढलेल्या ९११ एस५ या जाळ्यात १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते होते, आणि ते जमवले गेले मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन यांसारख्या फुकट व्हीपीएनमधून. अँटिव्हायरस अशा प्रोग्रॅमला नेहमी पकडतोच असं नाही, कारण बसवताना संमती तुम्हीच दिलेली असते.

रिमोट डेस्कटॉपचं यंत्र पूर्ण स्वच्छ निघालं, तरी घरात आणखी कोण आहे ते पाहा. प्रमाणपत्र नसलेले स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स हे सध्याचं मोठं दुखणं. एफबीआयने जून २०२५ मध्ये बॅडबॉक्स २.० बद्दल जाहीर इशारा दिला तो अशाच उपकरणांमुळे. काही तर कारखान्यातूनच संसर्ग घेऊन येतात आणि रीसेट करूनही सुधारत नाहीत. अशा बॉक्सला फक्त पाहुण्यांच्या वाय-फायवर टाकून भागत नाही, हे लक्षात घ्या. त्याने तुमचा संगणक सुरक्षित राहतो, पण बाहेर दिसणारा पत्ता एकच असतो आणि डाग त्याच्यावरच पडतो. नेटवरून काढायचा, हाच उपाय. संशयित कोण हे ठरत नसेल तर एकेक उपकरण दोन-तीन दिवस बंद ठेवून यादीतल्या नोंदीची 'शेवटचं दिसलं' वेळ पुढे सरकते का ते पाहा. वेळखाऊ आहे, पण राउटरला लॉग नसेल तर याहून खात्रीची पद्धत नाही.

बाहेरचा लॅपटॉपही घरचाच ठरतो

वायरगार्डमध्ये लॅपटॉपच्या बाजूने परवानगीचे पत्ते (अलाउड-आयपीज) म्हणून ०.०.०.०/०, म्हणजे सगळे पत्ते, लिहिलं तर त्या लॅपटॉपची सगळी रहदारी घरून बाहेर पडते. त्यात काही घाण असेल तर ती घरच्या पत्त्यावर नोंदते. फक्त रिमोट डेस्कटॉप हवा असेल तर तिथे घरच्या संगणकाचा एक पत्ता पुरे, १९२.१६८.१.१०/३२ असा. तसंच रिमोट डेस्कटॉपच्या जोडणीत स्थानिक ड्राइव्ह जोडण्याची सोय बंद ठेवा. लॅपटॉपवरचा संसर्ग घरच्या यंत्रात शिरायची ती सरळ वाट आहे. फाइल हवीच तेव्हा तेवढ्यापुरतं चालू करा.

सामायिक पत्ता असेल तर

राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या पट्ट्यात असेल, किंवा संकेतस्थळावर दिसणाऱ्या पत्त्याशी जुळत नसेल, तर तुम्ही बहुधा सीजीएनएटीच्या, म्हणजे कंपनीच्या सामायिक पत्त्याच्या, मागे आहात. एकाच सार्वजनिक पत्त्यावर अनेक ग्राहक असतात. शेजाऱ्याचं पाप तुमच्या माथी येतं आणि तुमच्या घरात शोधून काही सापडत नाही. बाहेरून आत येणारी जोडणीही तिथे थेट जमत नाही; टेलस्केलसारखं, दोन्ही टोकांनी बाहेर जाऊन भेटणारं साधन वापरा आणि त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. डाग पुसायचा उपाय एकच: कंपनीकडून स्वतंत्र सार्वजनिक पत्ता घेणं. आयपीव्ही६ मिळत असेल तर तेही चालू ठेवा, कारण तिथे तुमचा पट्टा तुमच्या एकट्याचा असतो. मात्र तिथे याद्या सहसा संपूर्ण /६४ (पहिले ६४ बिट सारखे असलेले सगळे पत्ते) एकच धरतात, त्यामुळे शेवटचे आकडे बदलून सुटका नाही.

संकेतस्थळांचे कॅप्चा

मेलच्या याद्या स्वच्छ आणि तरी कॅप्चा येतोय, तर कारण वागणुकीत शोधा. रिमोट यंत्रावर रात्रंदिवस चालणारी स्क्रिप्ट, दर काही सेकंदांनी ताजी होणारी पानं, एकाच वेळी उघडलेल्या दहा-बारा जोडण्या. सर्व्हरने ४२९ ('फार विचारणा झाल्या') हे उत्तर दिलं की थांबायचं असतं. त्या उत्तरातल्या रीट्राय-आफ्टर या ओळीत किती वेळ ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं. त्याकडे काणाडोळा करून पुन्हा ठोकत राहणाऱ्या स्क्रिप्टमुळे तात्पुरती मर्यादा कायमच्या बंदीत बदलू शकते. अधिकृत एपीआय (प्रोग्रॅमसाठी ठेवलेली वाट) असेल तर तोच वापरा. एकाच यंत्रावरून बरीच खाती चालवायची किंवा पत्ता दुसऱ्यांना भाड्याने द्यायचा, असा बेत असेल तर वरचं काहीही उपयोगी पडणार नाही. तिथे यादी आपलं काम बरोबर करते आहे.

नाव काढून घेताना

कारण बंद केल्याशिवाय अर्ज करू नका. एक्सबीएलमधून नाव निघतं, पण संसर्ग तसाच असेल तर ते परत येतं, आणि दर वेळी पुढची सुटका अवघड होते. स्पॅमकॉप या मेलच्या यादीतली नोंद तक्रारी थांबल्यावर साधारण २४ तासांत आपोआप जाते. यूसीईप्रोटेक्ट या यादीची पहिली पातळी एकट्या पत्त्याची. शेवटच्या घटनेनंतर ७ दिवसांनी ती सुटते. दुसरी आणि तिसरी पातळी शेजारच्या पट्ट्यांची किंवा संपूर्ण कंपनीच्या नेटवर्कची असते, तिथे तुमच्या हातात काही नाही. पैसे घेऊन लवकर काढून देण्याची सोय दिसली तरी पैसे भरू नका. सॉर्ब्स ही जुनी यादी जून २०२४ मध्ये बंद झाली. एखादं साधन अजून तिचं नाव दाखवत असेल तर ते साधनच जुनं आहे. एब्यूजआयपीडीबीवर तक्रारींच्या तारखा आणि शेरे वाचा. सगळ्या तक्रारी तुमच्या हातात पत्ता येण्याआधीच्या असतील तर तो आधीच्या ग्राहकाचा वारसा आहे.

स्थिर पत्ता विकत घेत असाल तर तो हातात पडल्या दिवशीच, काहीही जोडण्याआधी, झेन, स्पॅमकॉप, बाराकुडा आणि एब्यूजआयपीडीबी एवढ्या चार ठिकाणी तपासा आणि निकालाची चित्रं जपून ठेवा. पीबीएल सोडून इतर कुठे नोंद सापडली तर लगेच दुसरा पत्ता मागा. महिनाभर वापरल्यानंतर कंपनी तोच डाग तुमचा मानते, आणि तसं नाही हे दाखवायला हाती काही उरत नाही.